डोक्यावरचा खोका आणि शेजारी बसलेला माणूस

'मिश्र वास्तव' हा शब्द ऐकला की मला आधी मिश्र भाजी आठवते. पण नाव तसं चपखल आहे. आभासी वास्तवात तुम्ही डोळे झाकून दुसऱ्याच जगात जाता. मिश्र वास्तवात तुमची खरी खोली, खरी खुर्ची, खरा चहाचा कप दिसत राहतो आणि त्यातच कुणीतरी खोट्या वस्तू आणून मांडतं. पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो या दोघांनी १९९४ साली एका शोधनिबंधात याची व्याख्या केली. एका टोकाला संपूर्ण खरं, दुसऱ्या टोकाला संपूर्ण बनावट, आणि मधला सगळा पट्टा मिश्र. झालं, एवढंच.

गेल्या दिवाळीत असा एक नवा हेडसेट आठवडाभर माझ्या ताब्यात होता. मित्राने अमेरिकेहून आणलेला. कंपनीचं नाव मुद्दामच घेत नाही, कारण घ्यावा की नाही हे सांगायला मी बसलेलो नाही. त्यासाठी यूट्यूबवर शंभर जण बसलेत. मी तो घेऊन गावी गेलो, म्हणजे संग्रामपूरला. तिथे काय झालं ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की हे यंत्र निम्मं नवं उरतं आणि उरलेलं निम्मं जास्त नीट दिसतं.

सुरुवात १८३८ पासून. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं की आपल्या दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्या फरकातून खोली काढतो. हे दाखवायला त्याने दोन आरसे लावून एक यंत्र बनवलं, स्टिरिओस्कोप. गंमत बघा, छायाचित्रणाची जाहीर घोषणा व्हायची होती १८३९ मध्ये. म्हणजे 'थ्रीडी' पाहायचं यंत्र आधी आलं, फोटो नंतर! व्हीटस्टनने रेघांनी काढलेल्या आकृत्यांवर काम भागवलं.

१८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगं लावून ते हातात मावेल असं केलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीला ते आवडलं आणि मग काय, पुढच्या काही वर्षांत ते लाखांनी खपलं. १८६१ च्या सुमारास अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने त्याचं स्वस्त, हलकं रूप तयार केलं आणि त्याचं पेटंट मुद्दामच घेतलं नाही. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा 'कार्डबोर्ड' काढला, त्यात हीच रचना होती. दोन भिंगं, मध्ये पडदी, आणि छापील फोटोच्या जागी मोबाईल. दीडशे वर्षांनी फक्त पुठ्ठ्यावरचं चित्र बदललं.

आता या स्टिरिओस्कोपचा आपल्याशी संबंध काय? आपण त्यात होतो, पण चित्रात! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंडरवुड आणि अंडरवुड या अमेरिकन कंपनीने जेम्स रिकाल्टन नावाच्या छायाचित्रकाराकडून भारताची जोडचित्रं करून घेतली आणि अमेरिकन घरांतून त्यांचे संच विकले. दिवाणखान्यात आरामखुर्चीत बसायचं, खोकं डोळ्यांना लावायचं, आणि घाट, मंदिरं, बाजार, फकीर असा हिंदुस्थान 'अगदी समोर' पाहायचा. पाहणारा तिकडे, दिसणारा इकडे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

इकडे पाहणारे काय पाहत होते? तर कल्याणला एक भलताच उद्योग चालला होता.

महादेव गोपाळ पटवर्धन नावाचे गृहस्थ १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ करत. नाव ऐकून औषध वाटतं ना? शंबर हा मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी. आणि खरोलिका म्हणजे दिवा, कंदील. मॅजिक लँटर्न या शब्दाचं यापेक्षा सुंदर भाषांतर मी तरी पाहिलेलं नाही. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, समोर पडदा. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या हालचालींच्या अनेक काचा रंगवायच्या आणि त्या भराभर बदलायच्या, की पडद्यावरचं पात्र हलल्यासारखं दिसतं. जोडीला जिवंत निवेदन, संवाद आणि गाणी. रामायण-महाभारतातल्या कथा, सर्कस, असे विषय. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला ७ जुलै १८९६ रोजी. पटवर्धनांचे खेळ त्याआधीच सुरू झालेले होते आणि सिनेमा आल्यावरही ते कित्येक वर्षं चालले. पटवर्धनांची मुलंही याच कामात होती.

माझ्यातल्या इंजिनियरला यातली एक गोष्ट फार भावली. या काचांवर पात्राभोवतीचा भाग काळा रंगवलेला असे. काळ्यातून उजेड जात नाही, म्हणून पडद्यावर फक्त पात्र उमटतं. चौकट दिसत नाही, पात्र अंधारात मोकळं फिरतं. आता मायक्रोसॉफ्टचा २०१६ सालचा होलोलेन्स घ्या. त्यात पारदर्शक काचेवर चित्र पाडलेलं असतं आणि समोरचं खरं जग काचेतून थेट दिसतं. असं यंत्र उजेड मिळवू शकतं, वजा करू शकत नाही. म्हणून त्यात काळा रंग दाखवताच येत नाही, काळा म्हणजे पारदर्शक. त्याच्यासाठी चित्र बनवताना मागची बाजू काळी ठेवायची, की वस्तू खोलीत मोकळी तरंगताना दिसते. कल्याणच्या पटवर्धनांना हे कोणत्याही डॉक्युमेंटेशनशिवाय समजलेलं होतं :) (होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं. शांबरिक खरोलिका त्यापेक्षा जास्त वर्षं चालली, हे जाता जाता.)

त्याच सुमाराला जगात एक झटापट चालू होती, एकट्याने पाहायचं की सगळ्यांनी मिळून? एडिसनचं किनेटोस्कोप १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आलं. उभं लाकडी कपाट, वर एक भोक, त्यात डोळा घालायचा आणि आतली हलती फिल्म पाहायची. एका वेळी एक गिऱ्हाईक. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ ला, लुमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तेच हलतं चित्र भिंतीवर टाकलं आणि खोलीभर लोकांनी एकदम पाहिलं. तंत्राच्या दृष्टीने दोन्हीत फार मोठी दरी नव्हती. पण बसल्या जागी शेजारचा माणूस दचकला की आपणही दचकतो, तो हसला की आपणही हसतो. भोकात डोळा घातलेल्या माणसाला शेजारीच नव्हता. काही वर्षांत किनेटोस्कोप मागे पडलं.

मराठी माणसं या झटापटीत लगेच उतरली. मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लुमिएरचा खेळ पाहिला, स्वतः कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून परत आले, त्यांच्या स्वागताची फिल्म त्यांनी घेतली. म्हणजे यंत्र आल्यापासून पाच वर्षांत त्यात 'आपली' बातमी होती. मग दादासाहेब फाळके. हा माणूस आधी जादूचे प्रयोग करायचा, 'प्रोफेसर केळफा' या नावाने (फाळके उलटं वाचा!). ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट मुंबईत पाहताना त्यांच्या डोक्यात आलं की पडद्यावर आपला कृष्ण का नको? लंडनला जाऊन कॅमेरा आणला, रोप उगवतानाची छोटी फिल्म घरी करून बघितली, सततच्या जागरणाने काही काळ दृष्टी अधू झाली, आणि ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

पटवर्धन, सावेदादा, फाळके. तिघांकडेही यंत्र किंवा त्याची कल्पना बाहेरून आली. तिघांनीही ते लावून बघितल्यावर विचारलेला पहिला प्रश्न 'याचं रिझोल्यूशन किती' हा नव्हता. 'यात आपण काय दाखवायचं' हा होता.

खोक्यात डोळा घालायची परंपरा मात्र आपल्याकडे संपली नाही, ती जत्रेत गेली. डोक्यावर फेटा, खांद्यावर तिवई आणि रंगीत पेटी घेतलेला बायस्कोपवाला. पेटीला चार-सहा भिंगं, पोरं गुडघ्यावर बसून डोळे लावणार. पण नीट पाहिलं तर तो एकलकोंडा खेळ नव्हता. बायस्कोपवाला वरून एक दोरी ओढत चित्रं बदलायचा आणि हातातली घुंगरं वाजवत आत काय दिसतंय ते गाऊन सांगायचा. आत एकटं, बाहेर सगळ्यांसोबत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कलाकार एकेक चित्र पुढे करत कथा गातात, तीही हीच रीत. आपल्याकडे चित्र कधी नुसतं नसतं, ते सांगणारा लागतो.

आणि मग तंबूतला सिनेमा. आमच्या तालुक्यात सोनाळ्याला सोनाजी महाराजांची यात्रा भरते. विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात अशा यात्रांतून ट्रकवर प्रोजेक्टर लादून फिरती टॉकीज यायची. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट महाराष्ट्रातल्या याच फिरत्या टॉकीजवर आहे आणि २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. तंबूचा धंदा बसवला तो आधी टीव्हीने आणि मग खिशातल्या मोबाईलने. म्हणजे सव्वाशे वर्षांनी एडिसनचं भोक परत आलं, आणि या खेपेला जिंकलं.

डोक्याला बांधायच्या यंत्राची गोष्ट १९६८ पासून. हार्वर्डमध्ये आयव्हन सदरलंडने विद्यार्थ्यांना घेऊन असं यंत्र बनवलं. डोकं फिरवलं की समोरची आकृतीही त्या हिशोबाने फिरायची. वजनामुळे आणि डोक्याची जागा मोजायच्या दांड्यामुळे ते छताला टांगावं लागे, म्हणून त्याला 'डॅमोक्लीजची तलवार' हे टोपणनाव पडलं. विशेष म्हणजे अर्धपारदर्शक आरशांमुळे त्यात खरी खोलीही दिसायची आणि हवेत तरंगणारा रेघांचा ठोकळाही. म्हणजे पहिलाच प्रयत्न मिश्र वास्तवाचा होता.

आजचे हेडसेट काचेतून जग दाखवत नाहीत, ते कॅमेऱ्याने जग टिपून आतल्या पडद्यांवर परत दाखवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला मेटा क्वेस्ट ३ असाच, तेव्हाची किंमत ४९९ डॉलरपासून. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत विकायला आलेला ॲपल व्हिजन प्रोही असाच, तेव्हाची किंमत ३४९९ डॉलरपासून, दोन्ही डोळ्यांचे मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल. त्यात कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत चित्र पोचायला १२ मिलिसेकंद लागतात असं ॲपल सांगतं. हा आकडा महत्त्वाचा. डोकं वळलं आणि चित्र उशिरा वळलं तर कान आणि डोळे वेगवेगळी साक्ष देतात आणि माणसाला मळमळतं. घाटातल्या एसटीत मागच्या सीटवर बसून पुस्तक वाचलंय ना कधी? तेच.

पण मला व्हिजन प्रोतली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती बाहेरच्या बाजूला. त्याच्या दर्शनी काचेवर आणखी एक पडदा आहे आणि तो घालणाऱ्याचे डोळे बाहेरच्यांना दाखवतो. समोर बसलेल्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून एवढा खर्च! किनेटोस्कोपला न सुटलेलं गणित अजून सुटलेलं नाही, याची ही कबुलीच म्हणायची.

आता माझ्या हातातल्या यंत्राबद्दल. वजन अर्धा किलोच्या आसपास. पंधरा मिनिटांनी गालाची हाडं बोलायला लागतात. दृष्टीचा पट्टा पोहण्याच्या चष्म्यातून बघितल्यासारखा. स्वतःचे हात मात्र आश्चर्यकारक नीट दिसतात. चिमटीने हवेतलं बटण दाबताना पहिल्या दिवशी उगाच दहा वेळा दाबलं. डोळे थकतात, त्याला कारण जुनंच आहे. खोटी वस्तू नाकासमोर आणली की दोन्ही डोळे आत वळतात, पण नजर मात्र भिंगाने ठरवून दिलेल्या एकाच अंतरावर स्थिर करावी लागते. वळणं एकीकडे, स्थिरावणं दुसरीकडे. स्टिरिओस्कोपमध्येही नेमकं असंच होतं.

संग्रामपूर कुठे आलं, हा प्रश्न पुण्यात हमखास येतो. 'शेगावजवळ' म्हटलं की लोकांना कचोरी आठवते आणि विषय संपतो. तर बुलढाणा जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यातला हा तालुका. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्य, दक्षिणेला पूर्णेचं खोरं. या खोऱ्याचा बराचसा भाग खारपाणपट्टा आहे. वर काळी कसदार जमीन, खाली खारं पाणी. विहीर खणली तरी पिण्याजोगं पाणी मिळेलच असं नाही. मूत्रपिंडाचे आजार आमच्याकडे घराघरातला विषय आहेत.

दिवाळीत घरात कापूस येऊन पडलेला असतो. पुढच्या खोलीत छताला टेकेल असा ढीग. हेडसेट सुरू केला की तो आधी खोली स्कॅन करतो, भिंती, जमीन, सामान ओळखतो आणि सगळ्यावर त्रिकोणांची जाळी पांघरतो. त्याने कापसाच्या ढिगाची मस्त टेकडी केली. मग हवेतून खोटा चेंडू सोडला तर तो त्या टेकडीवरून टणाटण उड्या मारत खाली आला. खरा चेंडू कापसात रुतला असता. यंत्राला आकार कळतो, कापूस कळत नाही. संध्याकाळी एक बल्ब होता, तर 'उजेड कमी आहे' म्हणून त्याने हातच ओळखायचे बंद केले. कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या यंत्राला अंधारात काही सुचत नाही, यात नवल नाही.

पण खरी गंमत माणसांची झाली. मी डोक्यावर खोका चढवला आणि दोन मिनिटांत आई म्हणाली, "काय दिसून रायलं रे, सांग तं खरं." मी सांगायला लागलो. मग भाच्याने घातला, तर त्याच्याभोवती पाच जण आणि तोच ओरडून सांगतोय, "मामा, खुर्चीखाली लपलं! आता आबाच्या डोक्यावर!" आबा डोक्यावर हात फिरवून बघताहेत. म्हणजे कंपनीने जी गोष्ट खोक्यात घातली नव्हती ती आमच्या घराने दहा मिनिटांत तयार केली. घालणारा तो बायस्कोपवाला झाला. चित्र एकट्याचं, गोष्ट सगळ्यांची.

मग काकूची पाळी. त्या यंत्रासोबत एक नमुना खेळ येतो. तुमच्याच घराच्या भिंतींना भगदाडं पडतात, विटा ढासळतात आणि पलीकडे ताऱ्यांचं आकाश दिसतं. ऑफिसात हे पाहून सगळे 'वॉव' म्हणतात. काकू काही म्हणाली नाही. हात पुढे करून चाचपडत दोन पावलं गेली, खरी भिंत हाताला लागली तशी थांबली. मग खोका काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भित पडाले लागली का पहिले लेकरं बाहेर काढा लागतात बाप्पा. हे खेळाची गोष्ट आहे काय?"

रागावली नव्हती. साधं सांगत होती. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाल्यांना पूर आले, शेतातली मातीच वाहून गेली. त्या रात्री काकूच्या घराची मागची भिंत खरोखर पडली होती.

तो खेळ बनवणाऱ्याचा यात दोष नाही. भिंत पडणं ही त्याच्या आयुष्यात न घडणारी गोष्ट असेल, म्हणून त्याला ती अद्भुत वाटली. अद्भुत म्हणजे जे आपल्याकडे होत नाही ते. रिकाल्टनच्या जोडचित्रांत आपले घाट आणि फकीर याच कारणाने गेले. यंत्र कोणाच्या घरात बसून भरलं गेलं हे त्याच्या चित्रांवर उमटतंच.

आबांनी शेवटी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एकच विचारलं, "याच्यातून जमिनीखालचं दिसते काय? गोड पाणी का खारं?"

मी सांगितलं, नाही दिसत. यातला सेन्सर समोरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजतो, त्याच्या आतलं नाही. "मंग कोणाले तरी ठाव असलेलंच दाखवते," आबा म्हणाले आणि चष्मा पुसत उठले. चाळीस पानांचं तांत्रिक विश्लेषण वाचून मला एवढा नेमका निष्कर्ष मिळाला नव्हता.

कुणाला तरी ठाऊक असलेलंच दाखवतो. खरंय. मग आमच्या भागातलं कुणाला काय ठाऊक आहे? महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी नियमित मोजते. कुठल्या विहिरीचं पाणी कितव्या हातावर खारं झालं हे आबांच्या पिढीला तोंडपाठ आहे. पुराचं पाणी कुठल्या घरात कुठपर्यंत आलं ते काकूला माहीत आहे. आपल्याच गल्लीत उभं राहून खऱ्या भिंतीवर त्या रात्रीच्या पाण्याची रेघ बघायची, पुढचं घर बांधताना जोतं किती उंच घ्यायचं ते ठरवायचं, विहीर खणायच्या जागी उभं राहून आजूबाजूच्या दहा विहिरींचा अनुभव जमिनीखाली उतरताना पाहायचा. मिश्र वास्तवासाठी यापेक्षा चांगलं काम मला तरी सुचत नाही. याला फार मोठं संशोधनही लागत नाही. माझ्यासारखे हजारो जण पुण्यात, हैदराबादेत बसून परदेशातल्या दिवाणखान्यात आभासी सोफा नीट बसावा म्हणून कोड लिहितात. कोड तोच आहे. काचेवर रंगवायचं काय, एवढाच फरक.

आणि काचा रंगवायला आधी माहिती लागते. पटवर्धनांना एकेका पात्रासाठी किती काचा हाताने रंगवाव्या लागल्या असतील याचा विचार करा. त्यापुढे आमचं काम सोपं आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाचा आणि मी सुताराची टेप घेऊन आमच्या गल्लीत फिरलो. काही भिंतींवर चिखलाची रेघ अजून आहे, काहींवर रंग दिलाय पण घरातल्या बाईने नेमकं बोट ठेवून जागा दाखवली. अकरा घरं झाली. जोत्यापासूनची उंची, घराची जागा, कुणी सांगितलं, असं वहीत लिहिलंय. एका घरी दोन भावांत चार बोटांवरून वाद झाला, ते दोन्ही आकडे लिहून ठेवले.

हेडसेट मित्राला परत गेलाय. या कामाला तो सध्या लागत नाहीच, टेप आणि वही पुरे आहे. उद्या हे खोके चष्म्याएवढे होतील, स्वस्त होतील, तालुक्याच्या बाजारात मिळतील, किंवा किनेटोस्कोपसारखे अडगळीत जातील. जे व्हायचं ते होवो. वहीतले आकडे कागदावरही उपयोगी आहेत आणि मोबाईलवरही. सोनाळा, टुणकी, वरवट बकाल या बाजूला ज्यांचं गाव आहे त्यांनी पुढच्या सुट्टीत जाताना बॅगेत एक टेप टाकावी, एवढंच म्हणतो.

असो. उद्या सोमवार. आभासी सोफ्याचा एक बग वाट बघतोय.